रेंजफाइंडर घ्यायचाय? आधी चष्मा लावून खिडकीतून बघा

‘ताई, फिल्मवाला रेंजफाइंडर घ्यायचाय, कुठला घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, चष्मा आहे का? मुलं बुचकळ्यात पडतात, कारण त्यांना लायका या नामांकित जर्मन कॅमेऱ्याचं नाव ऐकायचं असतं. पण या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही, वेगळ्या छोट्या खिडकीतून बघतो. तिच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो, त्यात वस्तू दोन-दोन दिसतात. रिंग फिरवून दोन्हींची एक झाली की फोकस बसला. तुमच्या डोळ्याला हे झटकन जमत नसेल तर लेन्स कितीही भारी असो, काय उपयोग?

चष्म्यामुळे डोळा खिडकीपासून लांब राहतो आणि फोटोत किती येणार ते दाखवणाऱ्या कडेच्या चौकटी दिसेनाशा होतात. १९५४ चा लायका एम३ घ्या. त्याच्या खिडकीतून दृश्य ०.९१ पट दिसतं, म्हणजे उघड्या डोळ्याला दिसतं जवळजवळ तेवढंच. ५० मिमी लेन्सला हे फार सुखाचं, पण ३५ मिमीची चौकट तीत नाहीच. ३५ वापरणार असाल तर एम२ बघा, तिथे खिडकी ०.७२ पटीची आहे. रशियन झोर्की ४ मध्ये रिवाइंडच्या मुठीखाली एक पट्टी असते. ती सरकवून खिडकी आपल्या नंबराला जुळवता येते, त्यामुळे नंबर कमी असेल तर चष्मा काढूनच बघावं. चष्म्यासकट बघायला गेलात तर त्याच्या खिडकीची धातूची कड काचेवर ओरखडे काढते. माझ्या एका चष्म्यावर त्याची सही आहे.

दुसरा प्रश्न, काढणार काय? जिरावण मसाला भुरभुरलेल्या पोह्यांची प्लेट जवळून टिपायची असेल तर सरळ एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्समधूनच बघायचा कॅमेरा घ्या. रेंजफाइंडर साधारण ०.७ ते १ मीटरच्या आत फोकसच करत नाही, आणि जवळून खिडकीतलं दृश्य व फिल्मवरचं दृश्य यांत फरक पडतो. १३५ मिमीपलीकडच्या लेन्सचीही आशा धरू नका. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत तर जुना कॅमेरा नेऊच नये, पाणी नि गुलाल कुठूनही आत शिरतात.

मात्र इंदूरचा सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार, घरगुती गाण्याची बैठक, गणपतीतली नाटकाची तालीम, इथे याला तोड नाही. आरसा नसल्यामुळे खटका उडत नाही, आणि पानासारख्या पात्यांचं शटर असेल तर शेजारच्यालाही कळत नाही. सराफ्यात दुकानाच्या दिव्याजवळ ४०० आयएसओची फिल्म, एफ १.७ अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) आणि १/६० किंवा १/३० सेकंदाचं शटर एवढ्यावर काम भागतं.

म्हणून पहिल्या कॅमेऱ्यासाठी मी कॅननेट क्यूएल१७ जी-थ्री सुचवते. १९७२ चा, ४० मिमी एफ १.७. शटरचा वेग तुम्ही ठरवा, अ‍ॅपर्चर तो ठरवतो. बॅटरी संपली तरी उजेड मोजणारा मीटर आणि हे आपोआप अ‍ॅपर्चर सोडून बाकी सगळं चालतं. त्याचा मूळ १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल कडं लावून बसवला की मीटर ठीक चालतो, फक्त तो लवकर उतरतो. साध्या १.५ व्होल्टच्या सेलवर मीटर चुकीचा आकडा दाखवतो.

याशिका इलेक्ट्रो ३५ ची लेन्सही सुरेख, ४५ मिमी एफ १.७, पण तो बॅटरीशिवाय फक्त १/५०० वर उडतो. शिवाय वेग तोच ठरवतो आणि किती ठरवला ते सांगत नाही, फार कमी झाला तर पिवळा दिवा लावतो एवढंच. मला हा अबोलपणा सोसत नाही. तुम्हाला एवढा हिशेब नको असेल तर हाच घ्या.

झोर्की स्वस्त आणि मजबूत, पण त्यात आधी फिल्म ओढायची, मगच शटरचा वेग बदलायचा. उलटं केलं की आतली यंत्रणा बिघडू शकते. त्याच्या शटरचा पडदा कापडी आहे, लायकाचाही. मे महिन्याच्या उन्हात कॅमेरा गळ्यात उघडा लटकवून लेन्स सूर्याकडे राहिली तर पडद्याला भोक पडतं. झाकण लावा, पण फोटो काढताना ते काढायला विसरू नका. खिडकीतून ते दिसत नाही!

हातात आल्यावर लांबच्या मोबाइल टॉवरवर रिंग शेवटपर्यंत फिरवा. दोन टॉवरांचा एकच दिसायला हवा, आणि एक वर एक खाली दिसत असेल तर मधला फिकट चौकोन (पॅच) हललाय. शटर १ सेकंदावर, नसेल तर सर्वांत कमी वेगावर लावून कान द्या. अडखळला तर आतलं वंगण सुकलंय. मग लेन्समागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सोडून द्या. इलेक्ट्रो ३५ असेल तर फिल्म ओढताना आत ‘खट्’ असं वाजायला हवं. वाजलं नाही तर आतला रबराचा तुकडा झिजलाय, आणि तो बदलायला कॅमेरा बराच उघडावा लागतो.

पहिल्या रोलवर अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून १ मीटर, ३ मीटर आणि दूरचं असे फोटो काढा, प्रत्येक अंतर वहीत लिहा. रोल धुऊन येईपर्यंत कॅमेरा परत घ्यायची बोली विकणाऱ्याशी आधीच करून ठेवा.