पाटीवरचे चुकलेले उत्तर लगेच पुसू नका : पहिली ते तिसरीच्या वर्गात टाळायच्या चुका

दुसरीच्या वर्गात 52 मधून 27 वजा करायला सांगितले की चार-पाच पाट्यांवर हमखास 35 हे उत्तर येते. त्यावर फुली मारायची, फळ्यावर बरोबर उत्तर लिहायचे आणि तेच मुलांकडून पाच वेळा उतरवून घ्यायचे, ही चूक मी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत रोज केली. दुसऱ्या दिवशी 64 वजा 38 दिले की त्याच पाट्यांवर 34 उमटलेले असे.

शेवटी एका मुलीला पाटीसह जवळ बसवून, "तू हे कसे केलेस, मला दाखव," एवढेच विचारले. तिने एककाच्या घरावर बोट ठेवले आणि म्हणाली, "मॅडम, दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले." लहान संख्येतून मोठी संख्या जात नाही, हे वाक्य मीच वर्गात दहादा म्हटले होते आणि तिने ते प्रामाणिकपणे पाळले होते. मुलाचे चुकीचे उत्तर बहुतेक वेळा अंदाजाने आलेले नसते, त्यामागे त्याने स्वतः बांधलेला किंवा आपल्याकडूनच घेतलेला एक नियम असतो. तो नियम कळण्याआधी उत्तर पुसले, तर दुरुस्त काय करायचे हेच हातातून निसटते.

यावर खराट्याच्या काड्या आणि रबर एवढे साहित्य पुरते. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवून त्यातून 27 काड्या मागाव्यात. सात सुट्या काड्या मिळत नाहीत हे लक्षात आल्यावर मुलाने स्वतःच्या हाताने एका गठ्ठ्याचे रबर काढले पाहिजे, ते काम शिक्षकाने करू नये. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या काड्या झाल्या. त्याच क्षणी पाटीवरचा 5 खोडून 4 आणि एककाच्या घरात 12 लिहून घ्यावे. काड्या सोमवारी आणि लेखी उदाहरणे पुढच्या आठवड्यात, असे अंतर पडले तर मुलांच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामे होतात.

शब्दांकडेही लक्ष द्यावे लागते. दशक "उसना घेतला" असे मी सांगत असे, तेव्हा एका मुलाने "मग परत कधी द्यायचा?" असे विचारले, आणि त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. तेव्हापासून मी "गठ्ठा सोडला" असेच म्हणते. घरी आजी-आजोबा खालच्या दशकात हातचा मिळवून वजाबाकी शिकवतात. ती रीतही बरोबरच आहे, कारण त्यात वरच्या आणि खालच्या दोन्ही संख्यांमध्ये दहा मिळवले जातात आणि फरक तोच राहतो. "घरचे चुकीचे शिकवतात" असे मुलाला सांगणे अन्यायाचे आहे. मात्र पहिले काही आठवडे एकाच रीतीवर थांबावे, म्हणजे गोंधळ होत नाही.

संख्यालेखनातील उलटापालटीकडे आपण फारच पटकन निष्काळजीपणा म्हणून पाहतो. "त्रेपन्न" म्हटल्यावर एखादे मूल 35 लिहिते, कारण त्याच्या कानावर आधी तीन येतात आणि मग पन्नास. आपण बोलतो एकक आधी आणि लिहितो दशक आधी, हा भार मराठी मुलावर असतोच. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक" असे वाचन आले तेव्हा मोठा वाद झाला, परंतु त्यामागची अडचण वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली आहे. मी मुलांना आधी "पन्नास आणि तीन" म्हणायला, मग लिहायला आणि शेवटी "त्रेपन्न" हे नाव द्यायला सांगते. एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे वेगळी घ्यावीत. "एकोण" म्हणजे एक कमी, हे माळेवरचे मणी मोजून दाखवले की एकोणतीसमधले "तीस" ऐकून 39 लिहिणे कमी होते.

"समजले का?" हा प्रश्न संपूर्ण वर्गाला विचारू नये. "हो मॅडम" असा एकसुरी आवाज येतो आणि त्यात न समजलेली मुले लपतात. त्याऐवजी एक उदाहरण देऊन सर्वांनी एकाच वेळी पाट्या वर धरायच्या, आणि एखाद्याला प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजेपर्यंत दुसऱ्याचे नाव घ्यायचे नाही.

वाचनातही पाठांतराची अशीच फसगत होते. धडा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाचे बोट कोठे आहे ते पाहावे, किंवा त्याला ओळीतले शब्द शेवटाकडून वाचायला सांगावेत. तिथे तो अडला तर त्याला धडा पाठ आहे, वाचन अजून यायचे आहे.

सर्वांत खोल जखम करणारी चूक भाषेची आहे. खानदेशातील आमच्या दोन शिक्षकी शाळेत पहिलीतल्या एका मुलीने चित्राकडे बोट दाखवून "मनी माय" म्हटले आणि मी तिला "असे नाही, माझी आई म्हण," असे सर्वांसमोर सांगितले. त्यानंतर ती जवळजवळ महिनाभर वर्गात बोलली नाही. तिची अहिराणी चुकीची नव्हतीच, तिला प्रमाण मराठीची जोड मिळायला हवी होती. पुढे मी फळ्याच्या एका बाजूला "मनी माय" आणि दुसऱ्या बाजूला "माझी आई" लिहिले, दोन्ही मोठ्याने वाचले आणि कोणतेही पुसले नाही. मुलांनीच "तुना" आणि "तुझा" ही पुढची जोडी सांगितली, आणि मधल्या सुट्टीपर्यंत फळ्याचा खालचा भाग भरून गेला. त्यातल्या तीन जोड्या तिने सांगितल्या होत्या.