पावसात घरी आलेलं कुत्र्याचं पिल्लू: रत्नागिरीत फ्लॅटमध्ये कसं वाढवायचं

आमची कुर्ली जून महिन्यात मिरकरवाड्याला मासेमारीच्या बंदरात जाळ्यांच्या ढिगाखाली सापडली. चालताना तिरकी चालायची म्हणून नाव कुर्ली, म्हणजे खेकडा. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, दीड महिन्याची असेल. बाहेर धो धो पाऊस, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि आई दारातच म्हणाली, अगो आता हिला खाली न्यायचं कधी आणि कसं? तो प्रश्न पुढचे तीन महिने सुटला नाही. त्या तीन महिन्यांत जे कळलं ते लिहिते, कारण मे-जूनमध्ये पिल्लू आणणारे आपल्याकडे खूप असतात (सुट्टीत मुलं मागे लागतात) आणि पिल्लू वाढवायची बरीचशी माहिती कोरड्या गावातल्या लोकांनी लिहिलेली असते. इथे एका पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

आधी मूळ अडचण सांगते. पिल्लाला जगाची ओळख व्हायचं वय साधारण ३ ते १४ आठवडे. ह्या काळात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं, आणि जे बघितलंच नाही त्याला मोठेपणी घाबरतं, आणि घाबरलेला कुत्रा चावतो. पण नेमकं ह्याच काळात लसी पूर्ण नसतात म्हणून जमिनीवर सोडायचं नाही. त्यात आपल्याकडे पाऊस. म्हणजे मे मधलं पिल्लू हा सगळा काळ फ्लॅटच्या चार भिंतींत काढतं, गणपतीत पहिल्यांदा ढोल ऐकतं आणि पलंगाखाली जाऊन बसतं ते बाहेरच येत नाही. लोक म्हणतात, भित्रंच आहे हो. भित्रं नसतं ते, त्याला कोणी काही दाखवलेलंच नसतं.

ह्यावर उपाय एकच, उचलून न्यायचं. पाय जमिनीला लावायचे नाहीत पण जग दाखवायचं. मी जुन्या ओढणीची झोळी करून कुर्लीला छातीशी बांधायचे, वरून रेनकोट, आणि फक्त तोंड बाहेर. मारुती मंदिरच्या सर्कलला दहा मिनिटं उभं राहायचं, एसटी जाते, हॉर्न वाजतो, पाणी उडतं, ती बघते, मी उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा तोंडात देते. मांडवीच्या जेटीवर लाटांचा आवाज. मासळी बाजाराच्या बाहेर पाट्या घेतलेल्या बायका. एकदा एवढाच नियम ठेवला की रोज एक नवीन आवाज आणि एक नवीन माणूस, जास्त नाही. पिल्लाने मान वळवली, जांभया द्यायला लागलं, जीभ सारखी बाहेर काढून ओठ चाटायला लागलं, खाऊ घेईना, की समजायचं झालं आता, लांब जायचं. जबरदस्तीने "काही नाही होत गं" म्हणत तिथेच धरून ठेवलंत तर उलटी भीती बसते.

छत्रीचं मात्र मुद्दाम सांगते. आपल्याकडे कुत्रे सगळ्यात जास्त कशावर भुंकत असतील तर छत्री आणि रेनकोटवाल्या माणसावर. माणसाचा आकारच बदलतो ना. तर छत्री आधी बंद जमिनीवर ठेवायची, तिच्याभोवती खाऊ टाकायचा. दुसऱ्या दिवशी अर्धी उघडी. मग उघडून कोपऱ्यात ठेवून द्यायची, ते आपणहून जाऊन वास घेतं. मग लांब उभं राहून कोणीतरी हळू उघडायची. कुर्लीला पाच दिवस लागले, सहाव्या दिवशी ती उघड्या छत्रीखाली झोपली होती. हेल्मेट, गमबूट, मिक्सर, कुकरची शिट्टी सगळं असंच. ढोल आणि टाळ-मृदंग मोबाईलवर अगदी हळू आवाजात जेवताना लावायचं, आठवड्याने थोडा वाढवायचा. गणपतीत घरात आरत्या, भजनं, जाखडीवाले येतात, त्याआधी दोन महिने तयारी हवी.

आता लसी. पहिली साधारण ६ ते ८ आठवड्यांची असताना, मग दर ३-४ आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर असायला हवा. दोन डोस झाले की झालं असं समजून लोक सोडतात आणि तिथेच पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा उलट्या-हागवणीचा आजार) गाठतो, कारण आईच्या दुधातून आलेली शक्ती आधीच्या डोसला कधीकधी काम करू देत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, मग डॉक्टर सांगतील तशी, ही चुकवायचीच नाही. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, वजनाप्रमाणे. आणि कोकणात असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) लस त्यात आहे का ते स्पष्ट विचारून घ्या. लेप्टो उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून आपल्यालाही होऊ शकतो. भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे माणसांनाच किती होतो ते वेगळं सांगायला नको. म्हणून साचलेलं पाणी, गटार, पार्किंगमधला डबका, काहीही चाटू द्यायचं नाही, लस झाली तरी.

पार्व्होचं अजून एक. तो जमिनीत महिनोन् महिने राहतो आणि फिनाइलने मरत नाही. बाहेरच्या चपला घरात आणू नका, आणि आधी एखादं पिल्लू त्या घरात आजारी पडलं असेल तर ब्लीचिंगचं पाणी (बाटलीतलं पातळ ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग) लादीवर दहा मिनिटं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा, तोवर पिल्लू दुसऱ्या खोलीत. उलट्या, घाण वासाची रक्ताची हागवण, मलूल पडणं, असं काही दिसलं की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. छोट्या पिल्लाच्या अंगातलं पाणी काही तासांत आटतं.

शी-शूचं ट्रेनिंग पावसात कसं करायचं हा सगळ्यांचा प्रश्न. पेपरवर शिकवलं की पेपरच लक्षात राहतो, मग ऑक्टोबरमध्ये खाली नेलं तरी ते धरून ठेवतं आणि घरी येऊन पेपरवर करतं. मी गॅलरीत आंबे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा क्रेट घेतला, आत जाड प्लास्टिक, त्यावर गच्चीतल्या कुंड्यांमधली जांभी माती आणि लॉनचा एक तुकडा. माती गच्चीतलीच घ्या, खालची नको, खाली कुत्रे फिरलेले असतात. झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून झालं की, आणि मधे दर दीड-दोन तासांनी उचलून तिथे ठेवायचं. वयाच्या महिन्यामागे साधारण एक तास, एवढंच ते धरू शकतं, म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाने सहा तासांनी लादीवर केलं तर चूक त्याची नाही. केलं की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ, घरात येऊन नाही. चुकीच्या जागी केलं तर न बोलता पुसायचं. त्यात नाक घासायची जुनी पद्धत आहे ना, त्याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग सोफ्यामागे जाऊन करतं.

खाणं. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, मग दोन. गाईचं दूध पाजू नका, बऱ्याच पिल्लांचं पोट बिघडतं. नुसता भात-दूध किंवा नुसती पेज ह्यावर पिल्लू वाढत नाही, फुगतं फक्त. पिल्लांसाठीचं तयार खाणं परवडत असेल तर तेच बरं, नाहीतर डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या: चिकन, अंडं, भात, भोपळा, आणि कॅल्शियम त्यांनी सांगितलं तरच. मासे चालतात, उकडून, पण काटा एकही नको. बांगडा-तारलीचे बारीक काटे हाताने चाचपून काढावे लागतात, मी ताटात पसरून दोनदा बोटं फिरवायचे. खारवलेलं सुकट, सोडे नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही, आणि शिजवलेली हाडंही नाहीत. आंब्याचा बाठा लपवून ठेवा, गिळला की आतड्यात अडकतो आणि ऑपरेशनच करावं लागतं. नारळाचं सोडण चघळायला देतात खूप जण, स्वस्त आणि छान वाटतं, पण काथ्या पोटात जातो. दात शिवशिवतात तेव्हा जुना टॉवेल ओला करून पीळ घालून फ्रीजरमध्ये ठेवा, तो द्या.

हात चावतं त्याचं: ओरडू नका, तोंड दाबू नका. खेळ थांबवायचा, उठून जायचं, अर्ध्या मिनिटाने परत यायचं. घरातल्या सगळ्यांनी तेच करायचं, एकाने हात चावू दिला की संपलं. आणि लस न झालेल्या, बाहेरून आणलेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं तर "पिल्लूच आहे" म्हणून सोडू नका. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

आता ज्या गोष्टीने मला खरं घाबरवलं ती. जुलैच्या शेवटी कुर्लीने एक दिवस अंडं घेतलं नाही. अंडं म्हणजे तिचा जीव. मला वाटलं पोट जड असेल. संध्याकाळी ओठ वर करून बघितला तर हिरड्या नेहमीच्या गुलाबी नाहीत, फिक्या, कपडे धुतलेल्या पाण्यासारख्या. थर्मामीटर लावला तर १०४. पिल्लाचं नॉर्मल साधारण १०१ ते १०२.५ असतं. मग पायाच्या बोटांच्या बेचक्यात बघितलं तर तिथे तीन गोचिड्या, एक तर तुरीच्या डाळीएवढी फुगलेली. खाली गेलीच नव्हती ती, पण जिन्यात कुत्रे झोपतात, आणि गोचीड भिंतीच्या भेगेतून चढते हे मला माहीत नव्हतं. रक्त तपासलं, टिक फीव्हर, म्हणजे गोचिडीतून होणारा ताप. जवळजवळ महिनाभर गोळ्या चालल्या आणि ती वाचली, पण मी रोज केसांत हात फिरवत होते आणि बेचक्यात कधी बघितलंच नव्हतं.

म्हणून रोज रात्री, टीव्ही बघता बघता, कानाच्या आत, कानामागे, काखेत, शेपटीखाली आणि चारही पायांच्या बेचक्यांत. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढायची, रॉकेल, काडी, तेल काही लावायचं नाही, आणि ती स्पिरिटमध्ये टाकायची, नखाने चिरडायची नाही. गोचिडीची गोळी किंवा ड्रॉप्स वय आणि वजन बघून डॉक्टरच देतील. गुरांचं गोचीड मारायचं औषध पाण्यात घालून पिल्लाला लावतात गावाकडे, ते करू नका, पिल्लू चाटतं आणि विषबाधा होते. आपल्या घरातली तापाची गोळीसुद्धा नाही.

हिरड्या रोज बघायची सवय लावाच. बोटाने दाबून सोडलं की पांढरं झालेलं दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. आणि कुत्र्यांचा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, कारण आपल्याकडे सगळे डॉक्टर कुत्र्यांचे नसतात, सरकारी पशुदवाखान्यात गुरांचं काम जास्त, मोठ्या तपासणीला कोल्हापूर गाठावं लागतं आणि आंबा घाटात दरड आली की तेही बंद.

ओल. ह्याला रोज अर्धा तास द्यावा लागतो. गोणपाट अंथरू नका, ते पावसात वाळतच नाही आणि बुरशी धरतं. जुन्या सुती साड्यांच्या चार घड्या, रोज एक बदलायची, वाळली नाही तर इस्त्री फिरवायची. लादीवर थेट नको, खाली लाकडी फळी. अंग ओलं झालं तर आधी बेचकी पुसायची, मग पोट, मग कान बाहेरून. बोटांच्या मधे लाल दिसलं किंवा सारखं चाटत असेल तर बुरशी सुरू झालेली असू शकते. आंघोळ महिन्यातून एकदा पुरे.

एकटं राहायला पहिल्या आठवड्यापासून शिकवा. आधी दोन मिनिटं बाथरूममध्ये जाऊन या, मग पाच, मग कचरा टाकून या. जाताना लाड नाही, आल्यावर गोंधळ नाही. पहिल्या रात्री रडेल, तेव्हा त्याची जागा आपल्या पलंगाशेजारीच ठेवा, हात खाली सोडा. आमची चौथ्या रात्री गप झोपली. दिवसाचे १८-२० तास पिल्लू झोपतं, मुलांना सांगून ठेवा की झोपलेल्याला उठवायचं नाही.

सोसायटीवाल्यांनी कुत्रा पाळायला बंदी आहे सांगितलं तर घाबरू नका, पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असं पशू कल्याण मंडळाच्या गाईडलाइन्समध्ये आहे. पण जिन्यातली शी आपणच उचलायची, आणि शेजारच्या काकू कुत्र्याला घाबरत असतील तर लिफ्टमध्ये आपण थांबायचं. विकत घेणार असाल तर ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या नियमांनी बंद आहे, कोणी देत असेल तर घेऊ नका. आणि खरं सांगू, इथल्या दमट हवेत दाट केसांचे हस्की आणून एसीत कोंडू नका. आपलं गावठी पिल्लू ह्या हवेत जन्मलेलं असतं.

शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे थांबून मग जमीन. आमची सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा भाट्येच्या वाळूवर उतरली, पाय उचलून उचलून चालत होती. बीचवर पाच मीटरचा सुती दोर बांधा, नायलॉनचा हाताला कापतो. रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) जागी मेलेले केंड, म्हणजे फुगणारे मासे पडलेले असतात, ते विषारी, तोंडात घेतलं तर लगेच डॉक्टर. गळ आणि दोऱ्याचे तुकडे असतात. जेलीफिश असतात. खारं पाणी पिऊ देऊ नका, गोड्या पाण्याची बाटली आणि वाटी सोबत ठेवा, आणि परत येताना पाय गोड्या पाण्याने धुवून बेचकी पुसा, गोचिड्या बघा, मग गाडीवर घ्या.