ग्रँड आयलंडला डायव्हिंग शिकलात? मग डोंगरातल्या थंड तळ्यात उतरण्याआधी हे वाचा

माझ्याकडे गोव्याच्या ग्रँड आयलंडला स्कूबा डायव्हिंग शिकलेली पोरं परदेशात नातेवाइकांकडे गेली, की तिथल्या तळ्यांची चौकशी करतात. जरूर उतरा, फक्त तयारी वेगळी लागते. कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरचं ताहो धरून सांगतो.

आधी शिसं, म्हणजे खाली जाण्यासाठी अंगावर बांधायची वजनं. गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी हलकं. तुम्ही आणि सामान मिळून 100 किलो भरत असाल, तर त्याच सूटमध्ये अडीच किलो शिसं कमी लागेल. पण सूट तोच कुठे असतो? इथे 3 मिलिमीटरवर भागतं, तिथे 7 मिलिमीटर, हूड आणि जाड ग्लोव्हज हवेत, आणि एवढं निओप्रीन (सूटचं फोमसारखं रबर) तुम्हाला वर ओढतं. म्हणून कागदी हिशेबावर विसंबू नका. काठाजवळ बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) रिकामं करून नेहमीसारखा श्वास धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे, आणि श्वास सोडला की सावकाश खाली गेलं पाहिजे. सिलिंडर भरलेला असेल तर वर दोनेक किलो वाढवा, कारण शेवटी तेवढी हवा संपलेली असते.

आता रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र; मला सगळ्यात जास्त काळजी याचीच. सिलिंडरमधली दाबलेली हवा फर्स्ट स्टेजमध्ये (सिलिंडरला जोडलेल्या पहिल्या भागात) सुटताना प्रचंड गार होते. पाणी 10 अंशांच्या खाली असेल तर आत बर्फ धरू शकतो, झडप उघडी अडकते आणि हवा धो धो वाहायला लागते. थंड पाण्यासाठीचा, सील केलेलाच रेग्युलेटर मागून घ्या. पाण्याबाहेर त्यातून श्वास ओढून बघू नका. बीसीडी भरताना बटण तुटक-तुटक दाबा. तरीही हवा सुटलीच, तर ओठ घट्ट न मिटता बाजूने हवा घेत बडीबरोबर (जोडीदाराबरोबर) वर या.

उतरण्याआधी चेहरा पाण्यात घालून श्वास शांत होऊ द्या. गार पाण्याने पहिल्यांदा दम अडकतोच.

आपल्याकडे पाच-सहा मीटर दिसलं तरी आपण खूश. तिथे खालचे दगड स्पष्ट दिसतात, हाताशी वाटतात, आणि माणूस ठरवल्यापेक्षा खोल जातो. दर मिनिटाला मनगटावरचा, खोली आणि वेळ दाखवणारा डाईव्ह कॉम्प्युटर बघा.

आणि उंची. ताहो 1,897 मीटरवर आहे, हवेचा दाब आपल्याकडच्या जेमतेम चार-पंचमांश. तिथली 18 मीटरची डाईव्ह डाईव्ह-टेबलात (किती खोलीवर किती वेळ थांबायचं त्या तक्त्यात) 22 मीटरची धरावी लागते. कॉम्प्युटर त्या उंचीला लावलाय ना, ते तपासा. पोचल्या दिवशी उतरू नका, एक रात्र जाऊ द्या.

डाईव्हनंतर आणखी वर चढणं विमानात बसण्यासारखंच, कारण हवेचा दाब आणखी उतरतो: एका डाईव्हनंतर 12 तास, जास्त झाल्या तर 18 तास थांबायचं. ताहोहून हायवे 50 ने परतताना 2,250 मीटरची खिंड लागते. हा नियम आपल्या दारातही लागू आहे. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून ग्रँड आयलंडला दोन डाईव्ह करून त्याच संध्याकाळी चोर्ला घाट चढू नका; दुसऱ्या दिवशी निवांत निघा.