सोलापुरात राहून बेटांवरच्या मॉसचा अभ्यास? होतो की!

बॉटनीत एमएस्सी करणाऱ्या आपल्या सोलापूरच्या पोरापोरींसाठी लिहितेय, कारण अभ्यासाला ब्रायोफाइट (मॉस आणि त्याच्या जवळच्या लिव्हरवर्टसारख्या, फुलं-बिया नसलेल्या इवल्या वनस्पती) घेते म्हटलं की सगळे हेच विचारतात, अगं आपल्याकडं पाऊस कुठाय, ते महाबळेश्वर-आंबोलीवाल्यांचं काम. मला हे पटत नाही. माझा विषय समुद्रातल्या ज्वालामुखी बेटांवरचे मॉस आणि लिव्हरवर्ट, आणि सुरुवात इथल्याच भिंतींवर झाली.

आइसलँडजवळ १९६३ साली समुद्रातनं सर्टसी नावाचं नवं बेट वर आलं. १९६७ मध्ये तिथं पहिले मॉस सापडले, एक चंदेरी ब्रायम अर्जेन्टियम, जो आपल्याकडं जुन्या भिंतींवर, फुटपाथच्या फटीत दिसतो, आणि दुसरा फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका, म्हणजे बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला आपण ज्याचे सेक्शन कापतो तोच!

याचं कारण स्पोअर, म्हणजे बियांऐवजी ज्यातनं नवं रोप येतं ते धुळीसारखे कण. बऱ्याच मॉसचे स्पोअर १०-२० मायक्रॉनचे, वाऱ्यावर कुठच्या कुठं जातात. हवाईत मूळच्या फुलझाडांपैकी जवळपास ९० टक्के जाती फक्त तिथंच सापडतात, मॉसमध्ये हे प्रमाण बरंच कमी, कारण बाहेरनं स्पोअर येतच राहतात आणि वेगळी जात बनायला लागणारा एकांत मिळत नाही.

पण मग बेटावर सगळीकडं तेच ते असतं का, तर नाही, आणि मला खरी मजा इथंच वाटते. मदेरा, कॅनरी, अझोर्स या अटलांटिकमधल्या बेटांवर वाऱ्याकडच्या उतारावर ढग अडतात, तिथल्या लॉरेलच्या जंगलात जिवंत पानांवरसुद्धा लेज्युनिएसी कुळातले इवलेसे लिव्हरवर्ट वाढतात, आणि कॅनरीसारख्या ठिकाणी डोंगर ओलांडला की कोरडं रान, तिथं रिक्सिया हा लिव्हरवर्ट, जो पावसाळ्यात आपल्या काळ्या रानातही बघायला मिळतो आणि ऊन तापलं की कडा आत वळवून घेतो. कोरड्यात तग धरणारी ब्रायोफाइट समजून घ्यायला सोलापूरसारखी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता कामाचं. १० एक्स किंवा २० एक्सचा हँडलेन्स घ्या, जुन्या पेपरची पाकिटं करा, त्यावर तारीख, जागा, उंची आणि दगडावर होतं की मातीत की सालीवर, हे तिथल्या तिथं लिहा, घरी येऊन लिहू म्हणाल तर राहतंय. मॉस नुसता वाळवला तरी चालतो, पाण्याचा थेंब टाकला की पानं परत उघडतात. लिव्हरवर्टचं मात्र तसं नाही, त्यांच्या पेशीतले ऑइल बॉडी (तेलाचे बारीक कण) जात ओळखायला फार लागतात आणि वाळताना बहुतेक जातींत ते जातात, म्हणून ताजे असतानाच मायक्रोस्कोपखाली बघा, फोटो काढा.

बेटावर जायला पैसे कुठनं आणायचे? लगेच जायची गरजच नाही, हर्बेरियममधली (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली) जुनी पाकिटं संस्थेमार्फत अभ्यासाला मागवता येतात, त्यासाठी गाइड चांगला हवा. पुण्यात बीएसआयचं (बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया) केंद्र आहे, लखनौला एनबीआरआय या वनस्पती संशोधन संस्थेमध्ये ब्रायोलॉजीचं काम चालतं, तिथल्या लोकांना ईमेल करा, सोबत स्वतः ओळखलेल्या जातींची यादी जोडा. नेट परीक्षेची तयारी बाजूनं चालू ठेवा.

आणि भुईकोट किल्ल्यावर फक्त लेन्सनं बघायचं हं, खरवडायचं नाही, संरक्षित वास्तू आहे. सॅम्पल ओळखीच्या शेतातनं, विहिरीच्या कडेनं घ्या, मालकाला विचारून.