भाड्यानं फ्लॅट लावून देताना या चुका टाळा

कोल्हापुरात एजंटगिरी सुरू करणाऱ्या नव्या पोरांची समजूत अशी, की गाडीवर मागं बसवून चार फ्लॅट दाखवले, एक पसंत पडला, कमिशन घेतलं, संपलं काम. खरं काम फ्लॅट पसंत पडल्यावर सुरू होतं आणि बहुतेक चुकाही तिथंच होतात.

सगळ्यात घातक चूक एका वाक्यात असते: "अकरा महिन्यांचाच करार आहे, रजिस्टर कशाला? नोटरी करून टाकू." राजारामपुरीपासून फुलेवाडीपर्यंत हे अजून चालतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठराविक मुदतीसाठी वापरायला देण्याचा, करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी अडचण वाद झाल्यावर येते. नोंदलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं आणि ते खोडून काढायचं ओझं मालकावर पडतं.

आणि हे सगळं किती पैशांसाठी? भाडं १२,०००, परतीची अनामत ५०,०००, मुदत ११ महिने धरा. भाडं झालं १,३२,०००. अनामतीवर सालीना १० टक्क्यांनी व्याज ४,५८३. बेरीज १,३६,५८३, तिच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे साधारण ३४१ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००, ग्रामीण भागात ५००. वर ऑनलाइनची किरकोळ फी. एवढ्यासाठी मालकाला अडचणीत टाकणारा एजंट कामाचा नाही.

ऑनलाइन अर्ज सादर झाला की नोंदणी झाली असं समजून चावी देऊ नका. दुय्यम निबंधकांची सही होऊन इंडेक्स-२, म्हणजे नोंदणी झाल्याचा उतारा, हातात आला की मगच. नोंदणीला अंगठ्याचा ठसा लागतो, पण वयस्कर मालकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन अंगठा घेत नाही. हात धुऊन कोरडे करायला सांगा, दुसरं बोट लावून बघा.

पुराचं लपवू नका. २०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ आहे. नागाळा पार्क, शाहूपुरी भागात तळमजला दाखवताना पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीला हात लावून दाखवा. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

मटण चालतं का, हे मालकाला आधीच विचारा. कोल्हापुरात हा प्रश्न सामान चढवल्यावर निघाला तर मिटत नाही. कमिशन किती आणि कोणाकडून, हे पहिला फ्लॅट दाखवण्याआधी सांगा. भाडेकरूची माहिती त्या हद्दीच्या पोलिस ठाण्यात द्या आणि पोच जपून ठेवा.

आता ताब्याची नोंद, म्हणजे चावी देताना घर कसं होतं ते लिहून आणि फोटो काढून ठेवणं. हिचा आळस सगळेच करतात. वाद असा पेटतो: दोन वर्षांनी भाडेकरू निघतो, मालक बाथरूमच्या भिंतीवरची ओल दाखवून अनामतीतून १५,००० कापतो. भाडेकरू म्हणतो, ओल आधीपासून होती, वरच्या मजल्याची गळती आहे. दोघंही एजंटकडं बघतात आणि एजंटकडं एक फोटो नसतो. गळती वरची असेल, तर वरचं पाणी काही दिवस बंद ठेवल्यावर भिंत सुकू लागते, पण तेवढं थांबायला तेव्हा कोणी तयार नसतं.

म्हणून चावी द्यायच्या दिवशी अर्धा तास काढा. प्रत्येक नळ सोडून बघा, फ्लश ओढा, गिझर दहा मिनिटं चालवा. पंखे, ट्यूब, कडी-कोयंडे मोजून कागदावर घ्या, दोघांच्या सह्या घ्या. खिडक्यांखालचे कोपरे आणि बाथरूमला लागून असलेली भिंत जवळून टिपा, ओल तिथंच उठते. महावितरणच्या मीटरचा फोटो असा घ्या, की मीटर नंबर आणि रीडिंग एकाच चौकटीत येईल. असाच फोटो घर सुटतानाही घ्या; शेवटचं बिल भाडेकरू गेल्यावर येतं, तेव्हा युनिट त्या आकड्यावरून वाटता येतात. फोटो त्याच संध्याकाळी मालक, भाडेकरू आणि तुम्ही अशा तिघांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका, तारीख आपोआप राहते. रंगाचे पैसे कापायचे असतील तर आकडा करारातच लिहा. घर सुटताना हाच कागद घेऊन त्याच क्रमानं खोल्या फिरा, आणि अनामत तिथंच, चाव्या मोजून घेताना, द्यायला लावा.