स्मूथ ब्रशच्या आधी आकडे: सह्याद्रीचा हाइटमॅप दुरुस्त करताना

टेरेन म्हणजे गेममधली जमीन. ती हाइटमॅपवरून, म्हणजे प्रत्येक बिंदूची उंची आकड्यात साठवलेल्या चित्रावरून, उभी राहते. गेमसाठी पहिल्यांदाच टेरेन बनवणाऱ्याच्या स्क्रीनवर डोंगराला पायऱ्या पडलेल्या दिसल्या, की हात आधी जमीन गुळगुळीत करणाऱ्या स्मूथ ब्रशकडे जातो. दुसरीकडे कुठे हे एक वेळ खपेल, पण सह्याद्रीत नाही. इथल्या डोंगरांना खरोखरच पायऱ्या आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. पुढे झीज होताना कठीण कातळ कडा होऊन उभा राहिला आणि मऊ थर खचून मधे सपाट्या तयार झाल्या. ब्रश फिरवला की फाइलमधला दोष जातो आणि त्याच्यासोबत हा कातळही जातो. मग उरलेला डोंगर जगात कुठलाही असू शकतो. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी सुरुवातीला ब्रशला हातच लावू देत नाही. आधी आकडे बघायचे.

सरावाला मी एसआरटीएम या रडारने मोजलेल्या उंचीच्या डेटाचा एन१९ई०७३ (१९ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व) हा तुकडा देतो. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने केलेल्या मोजणीतला हा डेटा मोफत मिळतो. या एका चौकोनात कल्याणची खाडीकाठची सखल जमीन आहे, हरिश्चंद्रगड आहे आणि १६४६ मीटरचं कळसूबाईही आहे. उंचीचे बहुतेक सगळे घोळ इथे भेटतात.

पायऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा बिटांचा, म्हणजे एका बिंदूची उंची साठवायला दिलेल्या जागेचा असतो. ८ बिटांच्या चित्रात उंचीच्या फक्त २५६ पातळ्या मावतात. ० ते १७०० मीटरचा प्रदेश त्यात कोंबला की प्रत्येक पातळी साडेसहा मीटरांहून जास्त उंच होते. १६ बिटांत ६५,५३६ पातळ्या असतात, म्हणजे तीच पायरी अडीच-तीन सेंटिमीटरवर येते. खोटी पायरी ओळखणं सोपं आहे: ती सगळ्या नकाशाभर एकाच उंचीची असते, तिचा माथा काचेसारखा सपाट असतो आणि ती कल्याणच्या मोकळ्या जमिनीवरही उमटते. खऱ्या कातळाच्या पायऱ्या लहानमोठ्या असतात, उतरत्या असतात आणि डोंगरउतार सोडून कुठे दिसत नाहीत. शंका राहिली तर फाइलमध्ये वेगवेगळ्या किमती किती आहेत ते मोजा. २५६ च्या आत निघाल्या तर फाइलवर १६ बिट लिहिलेलं असलं तरी ती वाटेत कुठेतरी ८ बिटांतून गेलेली आहे. गेलेली माहिती परत येत नाही. मूळ डेटाकडे जाऊन नव्याने निर्यात करा. आणि हाइटमॅप जेपीईजीमध्ये कधीही साठवू नका.

एक बारकावा इथेच सांगतो. एसआरटीएमच्या उंच्या मुळातच पूर्ण मीटरांत आहेत. त्यामुळे सगळं नीट करूनही सपाट भागात एक-एक मीटरचे हलके टप्पे दिसतात. त्यासाठी डेटा आधी दशांश किमतींत बदलायचा, मग क्युबिक पद्धतीने (शेजारच्या बिंदूंवरून मधल्या उंच्या काढून) बारीक जाळीवर आणायचा आणि १६ बिट अगदी शेवटी करायचं. हा क्रम उलटला की टप्पे कायमचे राहतात.

दुसरी तक्रार असते, ‘सगळा नकाशा पांढराफटक आणि सपाट आला.’ जिथे रडारला मोजता आलं नाही तिथे मूळ फाइलमध्ये उणे ३२७६८ ही किंमत भरलेली असते. उभ्या कड्यांच्या सावलीत अशी भोकं हमखास सापडतात. सॉफ्टवेअरला किमान-कमाल आपोआप ठरवू दिलं, की ते या आकड्याला सर्वात खोल जागा समजतं आणि आपला सगळा सह्याद्री वरच्या पाच टक्क्यांत चेपला जातो. भोकं आधी भरा, किंवा भरलेली आवृत्तीच उतरवून घ्या. किमान-कमाल तर नेहमी हातानेच द्या. मी ० ते १७०० घेतो आणि शेजारच्या प्रत्येक तुकड्यालाही तेच देतो. प्रत्येक तुकड्याला वेगळी मर्यादा दिली की जोडावर भिंत उभी राहते, आणि ती ब्रशने बुजवत बसण्यात दिवस जातात.

नकाशाभर सुयाच सुया उभ्या राहिल्या तर प्रत्येक आकड्याच्या दोन बाइटचा (८-८ बिटांच्या तुकड्यांचा) क्रम उलटा वाचला गेलाय. मूळ फाइल बिग-एंडियन आहे, म्हणजे तिच्यात मोठा बाइट आधी येतो. उलट वाचली की २५५ मीटरची जागा ६५,२८० होते आणि तिच्या शेजारची २५६ मीटरची जागा १. युनिटी या गेम इंजिनात रॉ फाइल (नुसत्या आकड्यांची) घेताना हा पर्याय समोरच असतो. तिथे उभं उलटवण्याचाही पर्याय असतो. तो बरोबर आहे का हे भंडारदऱ्याच्या जलाशयावरून तपासा. जलाशय कळसूबाईच्या दक्षिणेला आहे. उत्तरेला दिसला तर नकाशा पालथा आहे.

अनरिअल या दुसऱ्या गेम इंजिनात सर्वांत जास्त गोंधळ होतो तो झेड स्केलचा, म्हणजे उंची किती ताणायची त्या आकड्याचा. तिथे झेड १०० असताना पूर्ण १६ बिटांत फक्त ५१२ मीटर मावतात, आणि मधली किंमत ३२७६८ म्हणजे शून्य उंची. १७०० मीटरसाठी झेड ३३२.०३ लागतो: १७०० गुणिले १००, भागिले ५१२. एवढं करूनही जमिनीचा तळ शून्याच्या ८५० मीटर खाली जातो, म्हणून पूर्ण लँडस्केप (तिथे टेरेनला हेच म्हणतात) ८५,००० युनिट, म्हणजे सेंटिमीटर, वर उचलावा लागतो. एक्स आणि वायचं, म्हणजे आडव्या दोन दिशांचं स्केल विसरू नका. तिथे १०० म्हणजे दोन बिंदूंत एक मीटर. आपला डेटा ३० मीटरच्या अंतराचा. तो तसाच घातला तर डोंगर आडवा तीसपट आक्रसतो आणि कळसूबाईचा भाला होतो.

आकार जरा फताडा वाटला तर प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत, तपासा. मूळ तुकडा अंशांत मोजलेला असतो. या अक्षांशावर एक अंश पूर्व-पश्चिम सुमारे १०५ किलोमीटर भरतो आणि उत्तर-दक्षिण ११०.७. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम ४३ उत्तर या मीटरांत मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणलं की काम झालं. लडाख करणाऱ्याला हा फरक कितीतरी मोठा दिसेल.

इतकं सगळं जुळूनही हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा जुळणार नाही. हाइटमॅप एका जागेची एकच उंची साठवतो, आणि कोकणकडा तर नागाच्या फण्यासारखा आत वळलेला. शिवाय ३० मीटरच्या जाळीत उभा कडा तिरका उतार होऊन येतो. तिथे उंचीचे आकडे ओढत बसू नका. कड्यासाठी कातळाचे वेगळे मेश (त्रिमितीय आकार) बनवा, ते उतारात रोवा आणि मागची जमीन त्यांच्याआड जाऊ द्या. याच कामात खरा हात दिसतो, त्यामुळे वाचलेला वेळ इथे घाला.

पोर्टफोलिओत टेरेन ठेवाल तेव्हा चित्राखाली डेटाचं नाव, किमान-कमाल, प्रक्षेपण, बिंदूंमधलं अंतर आणि झेड स्केल लिहा. मुलाखत घेताना माझा पहिला प्रश्न त्या ओळीवरच असतो, आणि दुसरा कड्याच्या मेशवर.