ट्रान्सस्त्रियांच्या साहित्यावर लेख सुचवताय? या चुका टाळा

“ट्रान्सस्त्रियांच्या साहित्याचा आढावा घेणारा लेख लिहायची इच्छा आहे. मानधनाची अपेक्षा नाही. कृपया कळवावे.” अशा आशयाचे प्रस्ताव मी संपादक म्हणून बरीच वर्षं वाचत आले आहे. पाठवणाऱ्याची कळकळ खरी असते, पुष्कळदा वाचनही असतं, तरी उत्तर नकाराचं जातं. ते लिहिताना दर वेळी वाईट वाटतं, कारण या विषयावर लिहायला तयार असलेली माणसं मुळातच थोडी आहेत. मी स्वतःही हे संपादन विनामोबदला करते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा वेळ किती मोलाचा असतो ते ठाऊक आहे. बहुतेक प्रस्ताव एकाच जागी अडतात: त्यात ट्रान्सस्त्रिया (जन्मावेळी मुलगा म्हणून नोंदल्या गेलेल्या स्त्रिया) असतात, त्यांनी लिहिलेली पुस्तकं मात्र नसतात.

आयुष्यावर लिहिता, पुस्तकावर नाही

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर थोडं थांबते. लेखिकेने भयकथा लिहिलेली असते आणि प्रस्तावात तिच्या शस्त्रक्रियेची माहिती असते. कवितासंग्रह समोर असतो आणि प्रस्ताव “घरच्यांनी नाकारलं तरी ती खचली नाही” इथे सुरू होऊन तिथेच संपतो. कथेचा निवेदक कोण आहे, विनोद कुठे आहे, शेवट का फसला किंवा साधला, यातलं काहीच येत नाही. इतर कुठल्याही लेखिकेला आपण असं वागवणार नाही.

तपासायचा सोपा मार्ग आहे. प्रस्तावातून लेखिकेच्या आयुष्याबद्दलची सगळी वाक्यं खोडून बघा. खाली दोन-तीन वाक्यं उरली तर लेख आहे. काहीच उरलं नाही तर पुस्तक पुन्हा वाचायला घ्या.

“पण मी तर आत्मचरित्रावरच लिहितेय,” असं कोणी म्हणेल. आत्मचरित्रही कोणीतरी रचलेलं असतं, आणि या साहित्यात ते कोणी रचलं हा प्रश्न फार जुना आहे. लिली एल्बे या डॅनिश ट्रान्सस्त्री चित्रकाराचं पुस्तक डॅनिश भाषेत १९३१ मध्ये आलं, त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी. त्याची जुळवाजुळव एका पत्रकाराने निल्स होयर या टोपणनावाने केली होती. मग त्यातला “मी” नेमका कोणाचा? लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ २०१२ मध्ये मराठीत आलं ते वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून. बोललेलं कागदावर येताना काय टिकतं आणि काय गुळगुळीत होतं, यावर एक अख्खा लेख होईल. ए. रेवती या ट्रान्सस्त्री लेखिकेने आपलं आत्मकथन तमिळमध्ये लिहिलं, पण २०१० मध्ये आधी छापून आला तो व्ही. गीता यांनी केलेला इंग्रजी अनुवाद. तमिळ पुस्तक त्यानंतर आलं. मूळ भाषेतल्या वाचकाच्या आधी परक्या भाषेतला वाचक का? हे प्रश्न घेऊन आलेला प्रस्ताव मी हातातलं काम बाजूला ठेवून वाचते.

विषय सांगता, मुद्दा राहून जातो

“ट्रान्स साहित्य आणि प्रकाशनव्यवहार” हा विषय झाला. त्यात पन्नास लेख मावतील, आणि तुम्ही त्यातला कोणता लिहिणार ते संपादकाला ओळखता येत नाही. मुद्दा असा दिसतो:

“रॉझ केव्हनी यांची ‘टायनी पीसेस ऑफ स्कल’ ही कादंबरी १९८० च्या दशकात लिहून झाली आणि छापली गेली २०१५ मध्ये. पुढच्या वर्षी तिला ट्रान्स कथासाहित्याचा लॅम्डा हा अमेरिकी पुरस्कार मिळाला. लिहिल्यानंतर पाव शतकाहून अधिक काळाने वाचकांसमोर आलेली कादंबरी आपण कोणत्या काळाची म्हणून वाचायची? तिची भाषा आणि थट्टेचा सूर लक्षात घेऊन मी हा प्रश्न बाराशे शब्दांत मांडेन. कादंबरी दोनदा वाचली आहे.”

एवढंच पुरे. पुस्तक कळलं, प्रश्न कळला, लांबी कळली, वाचल्याची खात्री पटली. साहित्याचं महत्त्व सांगणारा परिच्छेद वर जोडू नका. ज्यांना लिहिताय त्यांना ते पटलेलंच आहे.

“पहिली” हा शब्द सैल वापरता

टोरी पीटर्स यांची ‘डीट्रान्झिशन, बेबी’ २०२१ मध्ये मोठ्या प्रकाशनाकडून आली, तेव्हा “पहिली ट्रान्स कादंबरी” असं म्हणणारे प्रस्ताव येऊ लागले. इमोजेन बिनी यांची ‘नेवाडा’ त्याआधी आठ वर्षं, २०१३ मध्ये, टॉपसाइड प्रेस या छोट्या प्रकाशनाने काढली होती. खुद्द पीटर्स यांनी २०१६ मध्ये लघुकादंबऱ्या स्वतःच छापून वाचकांपर्यंत पोचवल्या होत्या. “पहिली” म्हणायचंच असेल तर कशातली पहिली ते सांगा. विमेन्स प्राइझ या स्त्रियांच्या कादंबऱ्यांसाठीच्या ब्रिटिश पुरस्काराच्या दीर्घ यादीत आलेल्या पीटर्स या पहिल्या उघड ट्रान्सस्त्री, हे विधान टिकतं. बाकीचं संपादकाला खोडावं लागतं, आणि एक विधान खोडलं की पुढच्या सगळ्यांवर शंका येते.

“हे पुस्तक आता मिळत नाही” हेही असंच घाईत लिहिलं जातं. छोटी प्रकाशनं बंद पडतात, पुस्तकं दिसेनाशी होतात, आणि कधीकधी परत येतात. ‘नेवाडा’ची नवी आवृत्ती २०२२ मध्ये आली. तुम्ही कुठली आवृत्ती वाचलीत ते प्रस्तावातच लिहा.

शब्द आणि नावं

हिजडा, तृतीयपंथी, पारलिंगी स्त्री, ट्रान्सस्त्री हे एकमेकांच्या जागी बसवायचे शब्द नाहीत. हिजडा म्हणण्यात गुरू-चेल्याची, घराण्याची एक अख्खी व्यवस्था येते. प्रत्येक ट्रान्सस्त्री तिचा भाग नसते. लेखिका स्वतःला जे म्हणवते ते लिहा. तिने मागे टाकलेलं जुनं नाव प्रस्तावात घालू नका, “ओळख पटावी” म्हणूनही नाही. जुन्या नावाने छापलेल्या पुस्तकावरच लिहायचं असेल, तर लेखिकेने स्वतः त्या नावाबद्दल काय भूमिका घेतली आहे ते आधी बघा आणि उल्लेख कसा करायचा ते संपादकाशी ठरवा.

तुम्ही स्वतः ट्रान्स आहात की नाही, हे सांगण्याचं बंधन कुणावरच नाही. त्यावरून मी कधी प्रस्ताव घेतलेला नाही आणि नाकारलेलाही नाही. सांगावं लागतं ते वेगळंच: लेखिका तुमची मैत्रीण आहे का, त्याच प्रकाशनाकडे तुमचंही हस्तलिखित पडलं आहे का. हे वर्तुळ लहान आहे, ओळखी असणारच. आधी सांगितलं तर एका ओळीत भागतं. लेख छापल्यावर कळलं तर लेखिकेच्याही नावाला उगाच डाग लागतो.

पैसे नाहीत म्हणून काहीच ठरवत नाही

विनामोबदला लिहिणारी माणसं संकोचाने काही विचारत नाहीत, आणि नंतर दुखावतात. मानधन नसलं तरी लेख तुमचा आहे. होकार आल्यावर चार गोष्टी लेखी विचारा: लेखाचा हक्क कोणाकडे राहील, तो पुढे दुसरीकडे छापता येईल का, संपादनानंतरचा मजकूर छापण्याआधी दाखवतील का, आणि टोपणनाव चालेल का. शेवटचा प्रश्न बिचकत विचारू नका. ज्यांनी घरी किंवा कामावर काही सांगितलेलं नाही त्यांच्यासाठी तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि जबाबदार संपादक त्याचं कारण विचारत नाही. खरं नाव कोणाकोणाला कळणार आहे, तेवढं मात्र विचारून घ्या.

हाच नियम उलट्या दिशेनेही पाळा. “लेखिकेची दीर्घ मुलाखत घेईन” असं परस्पर कबूल करू नका. ट्रान्स लेखिकांकडून फुकट वेळ, फुकट शिक्षण, फुकट संवेदनशीलता-तपासणी (मजकुरात दुखावणारं काही नाही ना हे बघून देणं) मागणारे खूप असतात. आधी त्यांना विचारा, प्रश्न पुस्तकापुरते ठेवा, आणि नकार आला तर त्यांच्याशिवाय लेख उभा राहतो का ते बघा. पुस्तकावरचा लेख असेल तर राहतो.

उत्तर आलं नाही तर

विनामोबदला चालणाऱ्या ठिकाणी संपादक नोकरी सांभाळून रात्री टपाल बघतात. तीन आठवडे थांबा, मग मूळ प्रस्तावाखालीच दोन ओळींची आठवण पाठवा. आणखी दोन आठवडे गेले तर “हा प्रस्ताव मी मागे घेत आहे” असं कळवून दुसरीकडे पाठवा. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवला असेल तर तसं दोघांनाही पहिल्याच पत्रात सांगा.

“आमच्याकडे या विषयावर नुकतंच आलं आहे” असं उत्तर आलं तर ते काय आलं ते शोधून वाचा. पुष्कळदा ते एखाद्या लेखिकेच्या आयुष्यावर असतं. मग त्याच संपादकाला पुन्हा लिहा, या वेळी पुस्तकाचं नाव पहिल्या ओळीत घालून.